तालमीत गेलेला सडा

लग्नाच्या मांडवात माझी ओळख करून देताना बायकोची पंचाईत होते. एकदा ती सरळ म्हणाली, "हे खड्डे बुजवतात." समोरचे गृहस्थ ताडकन उठून उभे राहिले. कोल्हापुरात त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी एक खड्डा होता आणि त्यात त्यांची स्कूटर पडली होती. अक्षता पडेपर्यंत त्यांनी मला सोडलं नाही. "तुम्हाला लाज कशी वाटत नाही?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मी मान खाली घातली. मी मुळातच कमी बोलतो. शिवाय लाज वाटत होतीच. फक्त ती दुसऱ्या खड्ड्याची होती.

तो खड्डा मलकापूरच्या पलीकडे, डोंगरमाथ्यावर. आमच्याकडच्या डोंगरांना वर टोक नसतं, सपाट कातळ असतो. त्याला सडा म्हणतात. उन्हाळ्यात तव्यासारखा तापतो आणि पावसाळ्यात गवताफुलांनी असा भरतो की पाय कुठं ठेवावा कळत नाही. वर वीतभर लाल माती, खाली जांभा आणि त्याच्याखाली बॉक्साइट, म्हणजे ज्याचं ॲल्युमिनियम होतं तो दगड. खाणवाले तो काढून नेतात. त्यांच्या आधी थोडं आणि त्यांच्या मागून बरंच, असं माझं काम.

काम सांगायला सोपं आहे. खोदण्याआधी वरची माती खरवडून बाजूला ढीग करून ठेवायची, खालच्या दगडात मिसळू द्यायची नाही. खनिज निघालं की उरलेल्या धोंड्यांनी खड्डा भरायचा, पाणी निघून जाईल असा उतार द्यायचा आणि मग जपून ठेवलेली माती वर पसरायची. घर बांधून झाल्यावर गिलावा करतात तसं. पण हा गिलावा बाजारात मिळत नाही. त्या मातीत गवताचे ठोंब, फुलझाडांचे कांदे, बिया निजलेल्या असतात. ती गेली तर खड्डा कितीही छान भरा, वर काही उगवत नाही. हे मला पक्कं माहीत होतं. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे 'मला काय माहीत' असं म्हणायची सोय राहणार नाही.

आमच्या खाण कंपनीला सड्याचा तो भाग भाडेपट्ट्यानं हवा होता. गाव तयार नव्हतं. साहेबांना कुठूनतरी कळलं की गाव माझी सासुरवाडी आहे. त्यांनी मला गाडी दिली, पेढे दिले आणि पाठवलं.

माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणतो, गावात वजनदार माणूस. तरुणपणी कुस्त्या खेळलेले, दोन्ही कान चुरगळलेले, आणि आवाज असा की पलीकडच्या डोंगरावरची म्हैस वळून बघते. म्हशी दोन. सड्यावरचा त्यांचा तुकडा म्हणजे त्या म्हशींचं कोठार. पावसाळा सरला की तिथलं गवत कापून रचायचं आणि वर्ष काढायचं.

देवळात बैठक बसली. मी नकाशा उघडला. कुणी बघितला नाही.

"ते कागूद ऱ्हाऊंद्या," मामा म्हणाले. "पावणं, तुमी सांगा. तुमचं खोदून झाल्यावर आमाला काय मिळणार?"

"होतं तसं मिळेल, मामा."

"होतं तसं?"

"अगदी होतं तसं."

मामा गावाकडं वळले. "आयकलंसा? पावणं म्हणालं, होतं तसं. आता काय बोलू नका."

आमच्याकडे अनोळखी माणसालाही पावणं म्हणतात आणि जावयालाही. गावानं जमीन दिली ती कंपनीला नव्हे, जावयाला. घरी येताना बायकोनं विचारलं, "होतं तसं करता येतं व्हय?" मी म्हणालो, "बघू." तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी उरलेले पेढे खायला घेतले.

या धंद्यात गमतीही पुष्कळ. वरिष्ठांना गवत हे काम वाटतच नाही. त्यांना फोटोत झाड लागतं. सड्यावर झाड टिकत नाही, कारण माती वीतभर आणि वारा असा की टोपी उडाली तर रत्नागिरीत शोधावी. तरी साहेबांनी गुलमोहराची रोपं पाठवली. आम्ही लावली, प्रत्येकाला आधाराला मोगली एरंडाची काठी बांधली. वाऱ्यानं रोपं नेली, काठ्या राहिल्या. मोगली एरंड पडला बेशरम, त्या काठ्यांनाच पानं फुटली. पुढच्या भेटीत साहेबांनी एका काठीला हात लावून फोटो काढला आणि म्हणाले, "वाढ चांगली आहे." मी 'हो' म्हणालो. आमच्या कार्यालयाच्या भिंतीवर तो फोटो बरीच वर्षं होता. खाली लिहिलं होतं, गुलमोहर.

तर मामांच्या तुकड्यावरची माती खरवडली आणि ढीग केला. ढीग अनेक होते, पण हा रस्त्याला लागून. खालच्या गावात एक तालीम आहे. तिचे वस्ताद एक दिवस बुलेटवरून वर आले. पांढरा लेंगा, पांढरा शर्ट, पोटावर हात. त्यांनी ढिगात हात घातला, माती चुरडली, हुंगली आणि म्हणाले, "झ्याक हाय. कवा नेऊ?"

"ती द्यायची नाही वस्ताद. परत पसरायची आहे."

"कुठं पसरायची?"

"इथंच."

"हितनंच काढलासा न्हवं?"

"हो."

"मग काढलासा कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर देता देता मी खाणकामाचं सगळं शास्त्र सांगितलं. वस्तादांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "हे बगा पावणं. खाली सगळीकडं ऊस. लाल माती कुटं ऱ्हायली? कुस्तीचा हौदा दगडासारका झालाय. पोरं आपटली की उटनात. जत्रा तोंडावर आलीया. तुमच्याजवळ ढीगच्या ढीग पडल्यात, आनि तालमीला माती न्हाय म्हणायला तुमचं तोंड उटतंय?"

वाचक कोल्हापूरबाहेरचा असेल तर त्याला हे कळणार नाही. इथं माणूस उधारी नाकारतो, मुलगी नाकारतो, सख्ख्या भावाला वाट नाकारतो. पण तालमीला माती नाकारल्याचं मी ऐकलेलं नाही. माझं तोंड उठलं नाही. मी म्हणालो, "एखादी ट्रॉली न्या."

एखादी ट्रॉली या शब्दाचा अर्थ वस्तादांच्या आणि माझ्या मराठीत वेगळा होता. रविवारी मी घरी होतो. सोमवारी वर गेलो तर ढिगाच्या जागी स्वच्छ झाडून घेतलेला कातळ होता. खरंच झाडून घेतलेला, खराट्याच्या रेघा दिसत होत्या. शेजारी एक नारळ फोडून ठेवला होता.

मी तालमीत जाऊन भांडायला हवं होतं. गेलो तेव्हा हौद्यात माझी माती पडली होती. पोरांनी ती मोठ्या चाळणीनं चाळून लोण्यासारखी केली होती, त्यात ताक, तेल, हळद घातली होती आणि लिंबांची पाटीच्या पाटी पिळत बसली होती. वस्तादांनी मला हार घातला. गळ्यात हार असताना माती परत मागता येत नाही. करून बघा.

पुढे खनिज निघालं, खड्डा भरला, उतार दिला. इतर तुकड्यांवर माती पसरली. मामांच्या तुकड्यावर पसरायला काही नव्हतं. मामा वर आले, उघड्या धोंड्यांकडं बघितलं आणि विचारलं, "पावणं, आमची माती?"

हीच ती जागा. इथं मी खरं बोललो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण मागून आभाळ गडगडत होतं, आणि माझ्या तोंडून निघालं, "पावसानं वाहून गेली, मामा."

त्यांनी मान हलवली. "पाऊस लई माजलाय," ते म्हणाले. "त्याचं काय तुमच्या हातात न्हाय." आणि वर माझीच पाठ थोपटली.

खोटं बोलणाऱ्याला पकडलं जायची भीती असते म्हणतात. माझी अडचण उलटी झाली. मामांनी विश्वास ठेवला, आणि ठेवला म्हणजे काय, कामाला लागले. पुढच्या पावसानं पुन्हा माती नेऊ नये म्हणून त्यांनी तुकड्याच्या खालच्या अंगाला दगडी बांध घालायला घेतला. सत्तरी जवळ आलेला माणूस, डोक्यावर घोंगडं, वळवाच्या पावसात दगड उचलून आणतोय. जी माती तिथं नव्हतीच, तिला अडवायला.

मी म्हणालो, "मामा, राहू द्या."

"तुमी हापिसात बसा," मामा म्हणाले. "तुमास्नी पावसातलं काय कळतंय."

मग मीही दगड उचलायला लागलो. कंपनीच्या पगारावर, कंपनीच्या वेळेत, माझ्या खोट्याला बांध घालत होतो. माझी कंबर तेव्हा गेली ती गेलीच. डॉक्टरांनी विचारलं, काय जड उचललंत का? काय सांगणार.

पावसाळा आला. शेजारचे तुकडे हिरवे झाले. मामांचा तुकडा टकल्यासारखा. सासुरवाडीला गेलो की मामी ताट वाढायच्या आणि मामा विचारायचे, "पावणं, गवात कवा?" मी म्हणायचो, "येईल." एकदा गेलो तर गोठ्यात एकच म्हैस. मी विचारलं नाही. मामांनी आपणहून सांगितलं, "एक दिली पै-पावण्यास्नी. वैरण पुरंना. ही चंद्रा हाय, हिलाबी या वर्साला गवात न्हाय आलं तर..." पुढचं त्यांनी चंद्राच्या पाठीवरून हात फिरवून पूर्ण केलं. हिशोब साधा होता. पुढच्या पावसात गवत आलं नाही तर गोठा रिकामा होणार होता, आणि तो मी रिकामा केलेला असणार होता. त्या दिवशी ताटात ताक होतं. मला ते उतरलं नाही. ताक म्हटलं की मला हौदा दिसत होता.

शेवटी पुढच्या पावसाळ्याच्या मध्यावर मी ठरवलं, वस्तादांच्या पाया पडायचं, पण माती परत आणायची. वाटभर मोटरसायकलवर मोठ्यानं भाषणाचा सराव केला. एका बाईनं हे वेडं म्हणून पोराला बाजूला घेतलं. तालमीच्या दारात चपला काढल्या, आत पाऊल टाकलं, आणि मी तोंड उघडायच्या आत वस्ताद गरजले.

"या. तुमचीच वाट बगालतो. काय माती दिलीसा हो ही?"

"का, काय झालं?"

"काय झालं म्हणून इचारतोय. चला मागं, दावतो."

मनगट धरून त्यांनी मला तालमीच्या मागं नेलं. तिथं पोरांची आंघोळीची फरशी, आणि तिच्या पलीकडे चाळणीतून निघालेला सगळा कचरा फेकलेला. खडे, ढेकळं, मुळ्या, पिळलेल्या लिंबांच्या साली. आता तिथं पावलापुरती जागा मोकळी नव्हती. गुडघाभर गवत, आणि गवतात दीपकाडीच्या फुलांच्या पांढऱ्या काड्या, तेरडा, गेंदाचे बारके गोंडे. चाळणीखालची लोण्यासारखी माती हौद्यात गेली होती. चाळणीवर राहिला होता तो सडा. आंघोळीच्या पाण्यानं तो आयता वाढवला होता.

"बगा," वस्ताद म्हणाले. "कसलं रान माजलंय. परवा ह्यातनं साप निगाला. पैलवान आमचा, दोन पोती उचलतोय, साप बगून माज्या पाटीवर चडला. ही घाण तुमची. तुमी उचला. आजच्या आज."

मी वाकून दीपकाडीची एक काडी बघत होतो. वस्तादांना वाटलं मी नाही म्हणतोय.

"ट्रॅक्टर आमचा घ्या पायजे तर," ते जरा नरमून म्हणाले. "पण उचला."

"हौद्यातली माती..." मी चाचपून बघितलं.

"हौद्यातल्या मातीचं नाव काडायचं न्हाय," वस्ताद म्हणाले. "ती आता आमची आई हाय. घाण न्यायची तर न्या."

मी घाण नेली. ठोंबांना धक्का लागू नये म्हणून पोरांना मी इतकं हळू उचलायला लावलं की एक जण म्हणाला, "साहेब, बाळंतीण न्यायलाय काय?" साहेबांना सांगितलं, गवताचं बियाणं मिळालंय. हे खरं होतं. फार दिवसांनी खरं बोललो म्हणून सवय नसल्यासारखं वाटलं.

वर नेल्यावर दुसरी अडचण. नुसते ठोंब धोंड्यांवर टाकून रुजत नाहीत, खाली चिमूटभर तरी माती हवी. ती कुठून आणायची म्हणून मी तुकडाभर हिंडत होतो आणि खालच्या अंगाला पाय रुतला. मामांच्या बांधाला. वरच्या तुकड्यांवरून वाहून आलेला बारीक लाल गाळ त्या बांधानं अडवून ठेवला होता, चांगला घोट्याएवढा. खोट्यासाठी घातलेला बांध खरं काम करून बसला होता. मी तिथंच दगडावर बसलो. हसू आलं की काय आलं ते सांगता येणार नाही.

गाळ वर ओढून पसरला, त्यात ठोंब बसवले. मामा बघत होते.

"हे कुठनं आणलासा?"

"खालून."

"खालनं वर गवात आणत्यात, हे पयल्यांदा बगालोय," मामा म्हणाले, आणि माझ्याबरोबर ठोंब दाबायला बसले.

तुकडा एका पावसात भरला नाही, पण भरायला लागला. चंद्रा गोठ्यातच राहिली. पुढे तिला रेडी झाली. एका श्रावणात कॉलेजच्या वनस्पतीशास्त्राच्या मॅडम पाहणीला आल्या. त्यांनी मामांच्या तुकड्यावर गुडघे टेकले आणि उठेनातच. "शेजारी नुसतं गवत आहे, आणि इथं सगळा सडा आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही कांदे आणि ठोंब वेगळे काढून लावलेत? ही पद्धत कुणी सांगितली?"

"सुचलं असंच," मी म्हणालो. पद्धतीचं नाव तालीम होतं हे कसं सांगणार.

मग त्या थांबल्या. "हे काय?"

धोंड्यांच्या खबदाडात, वाऱ्यापासून लपून, वीतभर झुडूप उभं होतं. त्यांनी पान चुरडून हुंगलं. "लिंबू. हे इथलं नाही. सड्यावर लिंबू कुठून आलं?"

हळद विरली होती, ताक विरलं होतं, पण सालीतल्या एका बीनं माझी साक्ष काढायची ठरवली होती.

"पक्ष्यानं टाकलं असेल," मी म्हणालो.

"पक्षी लिंबू खातोय व्हय?" मामा म्हणाले. "कसला पक्षी ओ पावणं त्यो?"

मॅडम म्हणाल्या, नियमानं ते काढून टाकायला हवं. मामा जाऊन लिंबाशेजारी मांडी घालून बसले. "असूंदे," ते म्हणाले. "आलंय बिचारं कुठनं तरी." मॅडमनी माझ्याकडं बघितलं, मी आभाळाकडं. लिंबू राहिलं. वाऱ्यामुळं कंबरेच्या वर गेलं नाही, पण फळं धरतं, सुपारीएवढी आणि आंबट जहाल. आणि गेली कित्येक वर्षं सासुरवाडीच्या ताटात त्याची फोड असते, आणि ती पिळताना मामा हमखास विचारतात, "त्यो पक्षी परत दिसला का हो?"

मामांची दृष्टी आता अधू झालीय. दिवाळीत फराळानंतर ओसरीवर बसून मी त्यांना दिवाळी अंक वाचून दाखवायचा, हा आमचा जुना रिवाज. संपादकांनी मला लेख मागितला तेव्हा प्रथम हेच डोळ्यांपुढं आलं. मामा ऐकतायत आणि मी माझाच लेख वाचतोय. छापून झाल्यावर ते ऐकवण्याची हिंमत माझ्यात नव्हती. म्हणून छापून येण्याआधीच हस्तलिखित घेऊन गेलो आणि इथवरचं सगळं वाचून दाखवलं. मोठ्यानं वाचलं, कारण मामांना हळू ऐकू येत नाही. मामी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. शेजारचेही ऐकत असावेत.

वाचून संपलं. मामा चुरगळलेला कान चोळत बसले.

"तालमीत गेली व्हय," ते म्हणाले.

"हो मामा."

"पाऊस न्हवं."

"पाऊस नव्हे."

"आनि मी त्या पावसाला वर्सभर शिव्या दिल्या." पुन्हा कान. मग एकदम, "त्या जत्रंत वस्तादाचं कोण निकाली कुस्ती मारलं का?"

मला माहीत होतं. मी तेव्हा चौकशी केली होती, मनाला तेवढाच आधार म्हणून. "नाही मामा. सगळी पडली."

मामांचा चेहरा पहिल्यांदा खरोखर पडला. "एकबी न्हाय? आमच्या सड्याची माती, आनि एकबी न्हाय?" ते मामींकडं वळले. "बग की. फुकट गेली माती."

रात्री जेवून मी तिथंच झोपलो. सकाळी मी निघालो तर मामा दारात उभे. त्यांनी माझ्या शर्टाच्या खिशात दोन बारकी लिंबं घातली.

"जाता जाता तालमीत द्या. आमचं आमाला आलं, हे तेंचं हाय."

मी गाडीला किक मारली. मामांनी हँडल धरलं.

"आनि पावणं, परत कुणाला होतं तसं म्हणून सांगू नगासा. जमंल तसं करतो म्हणावं. तेवडं पुरं हाय."